बाई आल्या, बाई आली

स्त्रीला हाक मारण्यासाठी मराठीत जेवढे शब्द आहेत, तेवढे पुरुषासाठी नाहीत. आई, माय, बाय, बाई, ताई, माई, अक्का, वहिनी, काकू, मावशी, आत्या, सूनबाई, पोरी, बये अशी ही यादी लांबवावी तितकी लांबते. अलीकडे तिच्यात मॅडम आणि आंटी यांची भर पडली आहे. यांतील बहुतेक शब्द मायेच्या कुशीत जन्मले. तरीही आज धर्मग्रामातील अनेक भगिनी, विशेषतः नोकरी करणाऱ्या आणि शिकलेल्या मुली, या शब्दांविषयी नाराजी व्यक्त करतात. अनोळखी माणसाने 'मावशी' म्हटलेले एकीला रुचत नाही, साहेबाने 'अगं पोरी' म्हटलेले दुसरीला बोचते. वडीलधारी मंडळींना याचे आश्चर्य वाटते. त्यांचे म्हणणे असे की, आम्ही प्रेमाने बोलतो. त्यात अपमान कसला?

दोन्ही पक्ष प्रामाणिक आहेत. म्हणूनच हा वाद आवाज चढवून मिटत नाही. शब्दकोश उघडूनही तो मिटत नाही, कारण कोशात शब्दाचा अर्थ सापडतो, त्याचे वजन सापडत नाही. ते शोधायचे तर शब्दाचा इतिहास पाहावा लागतो. सगळ्याच शब्दांचा मागोवा एका लेखात घेणे शक्य नाही. म्हणून आम्ही एकच शब्द निवडला आहे, आणि तो म्हणजे 'बाई'. राणीपासून मोलकरणीपर्यंत, संतांपासून शिक्षिकेपर्यंत सर्वांच्या नावाला चिकटलेला आणि आपल्या मराठी बायबलमध्येही मानाच्या जागी बसलेला असा दुसरा शब्द नाही.

संतांची बाई, राजघराण्याची बाई

तेराव्या शतकाच्या अखेरीस म्हाइंभटांनी 'लीळाचरित्र' सिद्ध केले. मराठी गद्याचा तो पहिला मोठा ग्रंथ होय. त्यात चक्रधरस्वामींच्या परिवारातील अनेक स्त्रिया भेटतात. बाइसा, महदाइसा, आउसा ही त्यांची नावे वाचली की, 'आई' आणि 'बाई' यांचा आदरार्थी उपयोग मराठीत किती जुना आहे, हे ध्यानात येते. महदाइसेने रचलेल्या धवळ्यांमुळे ती मराठीची आद्य कवयित्री मानली जाते. सातशे वर्षांपूर्वीच्या त्या परिवारात स्त्रीच्या नावापुढे लागणारा प्रत्यय तिला मोठेपणा देणारा होता.

त्याच काळातील वारकरी संतांकडे वळू. मुक्ताबाई ही निवृत्ती-ज्ञानदेवांची धाकटी बहीण, पण लोकांनी तिला 'मुक्ताई' केले. जनाबाईंचे उदाहरण तर आपल्या विषयाच्या गाभ्यालाच हात घालते. त्या नामदेवांच्या घरी राबत होत्या. दळण, कांडण, झाडलोट ही त्यांची नित्याची कामे. आजच्या भाषेत सांगायचे तर त्या घरची 'कामवाली बाई' होत्या. त्या स्वतःला दासी म्हणत, जनी म्हणत. पण समाजाने त्यांना आदराने जनाबाई म्हटले आणि त्यांच्याविषयी बोलताना क्रियापद अनेकवचनी ठेवले. घरकाम करणाऱ्या स्त्रीच्या नावाला लागलेला 'बाई' हा शब्द एके काळी असा पूज्य होता.

याच परंपरेने आणखी एक धाडस केले. तिने पुरुष संतालाच मातेचे नाव दिले. ज्ञानेश्वर हे वारकऱ्यांचे 'माउली', आणि पंढरीचा विठ्ठल हा त्यांची 'विठाई'. स्त्रीवाचक शब्द पुरुषाला लावणे हा एरवी टोमणा समजला जातो. येथे तो सन्मानाचा शिखरबिंदू ठरला.

राजघराण्यांतही हाच शब्द नांदला. जिजाबाई, येसूबाई, ताराबाई, अहिल्याबाई, झाशीच्या लक्ष्मीबाई. यांपैकी १७०० नंतर मराठी राज्याचा डोलारा सांभाळणाऱ्या ताराबाई किंवा इंदूरचा कारभार पाहणाऱ्या अहिल्याबाई (१७२५-१७९५) यांच्या नावातील 'बाई' ऐकून कोणाच्या मनात हलकेपणाचा विचार आला नसेल.

शब्दाच्या पोटात मात्र एक गाठ आधीपासून होती. 'बायका' या अनेकवचनाचा अर्थ स्त्रिया असा आजही होतो. परंतु 'बायको' या एकवचनाचा अर्थ केवळ पत्नी असा उरला आहे. म्हणजे स्त्रिया पुष्कळ असल्या तर त्या स्त्रिया, आणि एकटी असली तर ती कोणाची तरी! व्याकरणाने कोणतीही टिप्पणी न करता समाजाचा एक समज असा जपून ठेवला आहे.

माउली आणि आया

आपल्या ख्रिस्ती परंपरेने या शब्दभांडारात काय घातले आणि त्यातून काय घेतले? इंग्लंडातून १५७९ साली गोव्यात आलेले येशूसंघीय फादर थॉमस स्टीफन्स यांचे 'ख्रिस्तपुराण' १६१६ साली रायतूर येथे छापले गेले. मराठी ओवीत प्रभूचे चरित्र गाताना पवित्र मरियेला कोणत्या शब्दाने संबोधावे, हा प्रश्न त्यांच्यापुढे निश्चितच आला असेल. त्यांनी 'अंकवारी' म्हणजे कुमारी हा लोकभाषेतील शब्द स्वीकारला. तो गोमंतकाच्या कोंकणी प्रार्थनांत आजही जिवंत आहे.

पोर्तुगीज पवित्र मरियेला 'नोस्सा सेन्योरा' म्हणत. त्याचा अर्थ आमची स्वामिनी. वांद्र्याच्या टेकडीवरील मंदिराचे पोर्तुगीज नाव 'नोस्सा सेन्योरा दो मोंत', म्हणजे पर्वतावरील आमची स्वामिनी, असे होते. आमच्या कोळी बांधवांनी त्यातील पर्वत तेवढा ठेवला आणि स्वामिनीच्या जागी आई आणली. 'मोंत'चे 'मोत' झाले आणि 'सेन्योरा'ची 'माउली' झाली. अशी ही 'मोत माउली' दर सप्टेंबर महिन्यात केवळ ख्रिस्ती नव्हे, तर सर्वधर्मीय भाविकांना बोलावते. स्वामिनीची माउली करताना भक्तांनी तिचा मान कमी केला, असे कोण म्हणेल? दुरून मुजरा करण्याऐवजी जवळ जाऊन पदर धरण्याचा अधिकार त्यांनी त्या शब्दाने मिळवला.

परंतु पोर्तुगिजांकडून आपण आणखी एक स्त्रीवाचक शब्द घेतला आणि त्याचे नशीब निराळे निघाले. मुले सांभाळणारी ती 'आया'. हा पोर्तुगीज 'आइया' शब्द होय, आणि त्याचे मूळ लॅटिनमधील आजीवाचक शब्दात सांगतात. पुढे हाच शब्द साहेबांच्या बंगल्यांत आणि इस्पितळांत रुळला. आजीपासून निघालेला शब्द पगारी दाईवर येऊन थांबला, आणि त्या बाईचे स्वतःचे नाव विचारण्याची गरज कोणालाच उरली नाही. माउली आणि आया हे दोन्ही शब्द मातृत्वाशी निगडित आहेत. एक वेदीवर चढला आणि दुसरा पाळण्याशेजारी जमिनीवर बसला.

उपपदांचे शतक

एकोणिसाव्या शतकात स्त्रीशिक्षणाची पहाट झाली. १८४८ साली पुण्यात फुले दांपत्याने मुलींची शाळा काढली आणि सावित्रीबाई शिकवू लागल्या. मराठी शाळांतून शिक्षिकेला 'बाई' म्हणण्याची रीत पुढे इतकी रुजली की, कित्येक पिढ्यांना तो शब्द उच्चारताच खडूचा वास आणि छडीचा धाक आठवतो. गुरुजींच्या बरोबरीने उभे राहणारे ते पद होते.

याच शतकात पंडिता रमाबाई (१८५८-१९२२) होऊन गेल्या. १८७८ साली कलकत्त्यातील विद्वानांनी त्यांना 'पंडिता' आणि 'सरस्वती' या पदव्या दिल्या. १८८३ साली इंग्लंडात वाँटेज येथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला, तरी जग त्यांना रमाबाई म्हणूनच ओळखत राहिले. त्या स्वतः तरुणपणीच विधवा झाल्या होत्या. १८८७ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या 'द हाय-कास्ट हिंदू वुमन' या इंग्रजी ग्रंथात त्यांनी एका भयंकर गोष्टीकडे वाचकांचे लक्ष वेधले. विधवेला सर्रास ज्या शब्दाने संबोधले जाई, तोच शब्द वेश्येलाही लावला जाई. तो शब्द येथे छापण्याची आवश्यकता नाही. तो आजही भांडणात कानी पडतो. नवरा मरण्यापलीकडे जिचा काही अपराध नाही, तिला दिलेले नाव शिवी कशी झाली, याचा विचार केला म्हणजे नित्याच्या वापरातील शब्द किती निर्दय होऊ शकतो, ते कळते.

सभ्य समाजाने त्या शब्दाऐवजी 'गंगाभागीरथी' हे उपपद शोधले. सधवेला 'सौभाग्यवती', कन्येला 'कुमारी', विधवेला 'गं. भा.'. यांत शिवी नाही, उलट पावित्र्याचा सुगंध आहे. परंतु तिन्ही उपपदे एकाच प्रश्नाचे उत्तर देतात, आणि तो प्रश्न म्हणजे या स्त्रीचा नवरा आहे, नाही, की गेला? पुरुषाच्या नावामागील 'श्री.' हा प्रश्न कधी विचारत नाही. 'श्रीमती' हा 'श्रीयुत' शब्दाचाच सरळ जोडीदार. पण मराठीच्या रूढ वापरात त्यालाही वैधव्याची छाया चिकटली. हा विषय जुना झाला, असे समजण्याचे कारण नाही. कोल्हापूर जिल्ह्यातील हेरवाड ग्रामपंचायतीने मे २०२२ मध्ये विधवाप्रथा बंद करण्याचा ठराव केला, तेव्हा त्याचे राज्यभर स्वागत झाले. परंतु एप्रिल २०२३ मध्ये विधवांसाठी 'गंगाभागीरथी' हा शब्द वापरण्याचा प्रस्ताव शासनाच्या पातळीवर पुढे आला आणि त्यावर मोठी टीका झाली. प्रस्ताव मांडणाऱ्यांना तो शब्द आदराचा वाटत होता. ज्यांना तो लावला जाणार होता, त्यांच्यापैकी अनेकींना मात्र तो कपाळावरचा डाग वाटला.

येथे आपल्या लक्ष्मीबाई टिळकांची (१८६८-१९३६) आठवण होते. नवऱ्याचे नाव घेणे हे त्या काळी पाप समजले जाई. पत्नी 'अहो' म्हणे, 'इकडून' म्हणे. पती मात्र 'अगं' म्हणून मोकळा होई. लक्ष्मीबाईंनी 'स्मृतिचित्रे'मध्ये पतीचा उल्लेख सरळ 'टिळक' असा केला. त्यात उद्धटपणाचा लवलेश नाही. उलट त्या एका शब्दात थट्टा, राग, माया आणि अभिमान सारे सामावले आहे. बरोबरीने बोलता आले की प्रेम आटत नाही, याची ही साक्ष मराठी ख्रिस्ती वाङ्मयाने अवघ्या मराठीला दिली.

एकच शब्द, दोन क्रियापदे

विसाव्या शतकात 'बाई' शब्दाची घसरण झाली. तिची पावले संगीताच्या क्षेत्रात स्पष्ट दिसतात. गोव्याच्या कलावंत घराण्यांतून आलेल्या केसरबाई केरकर (१८९२-१९७७) आणि मोगूबाई कुर्डीकर (१९०४-२००१) या संगीताच्या सम्राज्ञी. १९७७ साली अमेरिकेने अंतराळात धाडलेल्या व्हॉयेजर यानांवरील ध्वनिमुद्रिकेत केसरबाईंचा स्वर आहे. पण मैफलीच्या जगात 'बाई' या शब्दाभोवती हळूहळू एक कुजबूज साचली होती. उत्तरेकडील अख्तरीबाई फैजाबादी विवाहानंतर 'बेगम अख्तर' झाल्या. आपल्याकडे मोगूबाईंच्या कन्येला, किशोरी आमोणकरांना, रसिकांनी 'किशोरीताई' म्हटले. आई 'बाई' आणि लेक 'ताई'! एका पिढीत शब्द बदलला, कारण पहिल्या शब्दावर समाजाने धूळ उडवली होती.

विद्यापीठांची नावे हेच सांगतात. २०१४ साली पुणे विद्यापीठाला सावित्रीबाई फुले यांचे नाव देण्यात आले आणि 'बाई' कायम राहिली. २०१९ साली सोलापूर विद्यापीठाला नाव देताना मात्र अहिल्याबाईंच्या 'अहिल्यादेवी' झाल्या. बहुजन समाजात 'सावित्रीमाई' आणि 'रमाई' हे उच्चार वाढले, तेही याच भावनेतून.

'बाई' शब्दावर ही पाळी का आली? मुख्य कारण शहरी घरात आहे. धुणीभांडी करणाऱ्या स्त्रीला मुंबई-पुण्याच्या घराघरांत 'बाई' म्हणू लागले. खरे तर तो सौजन्याचा प्रयत्न होता. 'मोलकरीण' म्हणण्यापेक्षा तो बरा होता. पण आपण शब्द उदारपणे दिला आणि क्रियापद मागे ठेवून घेतले. शाळेत बाई येतात. स्वयंपाकघरात बाई येते. शाळेत 'बाई आल्या' म्हणून वर्ग उभा राहतो. घरात 'बाई आली' म्हणून भांडी मोरीत सरकवली जातात. शब्द तोच, फरक फक्त क्रियापदात. मराठी व्याकरणाने आपल्या मनाचा केलेला हा पंचनामा होय.

त्यातही वय बघावे. कामाला येणारी स्त्री पन्नाशीची असते आणि घरची मालकीण पंचविशीची. पन्नाशीची बाई पंचविशीच्या मुलीला 'ताई, तुम्ही' किंवा 'वहिनी, तुम्ही' म्हणते. पंचविशीची मुलगी तिला 'बाई, तू' म्हणते. थोरल्यांना मान द्यावा, ही शिकवण ज्या घरात रोज दिली जाते, त्याच घरात हे घडते. २००८ साली महाराष्ट्राने घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा केला. कायद्याने तिला 'घरेलू कामगार' म्हटले. शब्द रुक्ष आहे, पण त्यात काम आहे आणि हक्क आहे.

नात्याचे गोड शब्द कधी कधी हक्काच्या आड येतात, हेही येथे नोंदवले पाहिजे. १९७५ साली अंगणवाडी योजना सुरू झाली. गावोगावी 'अंगणवाडी ताई' उभ्या राहिल्या. गावाने त्यांना ताई म्हणून आपलेसे केले, ते चांगलेच झाले. परंतु त्यांना मिळते ते वेतन नव्हे, मानधन. ताईने घरच्यासारखे राबावे आणि घरच्यासारखेच मोबदल्याचे फारसे बोलू नये, असा एक सूर त्या गोड शब्दामागे दडलेला असतो. या सेविकांना उपदान म्हणजे ग्रॅच्युइटी मिळण्याचा हक्क आहे, हे सर्वोच्च न्यायालयाला एप्रिल २०२२ मध्ये सांगावे लागले.

प्रभूच्या मुखातील शब्द

आता शुभवर्तमानाकडे वळू. काना गावच्या लग्नात प्रभू येशू आपल्या मातेला ज्या शब्दाने संबोधतो, त्यासाठी प्रचलित मराठी बायबलमध्ये 'बाई' हा शब्द आहे. क्रुसावरूनही तो तिला याच शब्दाने हाक मारतो. हे वाचन मिस्सामध्ये झाले की, पोटच्या पोराने आईला 'बाई' म्हणावे काय, अशी शंका काही माता बोलून दाखवतात. शंका रास्त आहे, पण तिचे कारण शुभवर्तमानात नाही. ते आपल्या स्वयंपाकघरात आहे. मूळ ग्रीक शब्द 'ग्युनाय' हा सभ्य संबोधनाचा शब्द होता. होमरच्या काव्यात ओडिसियस आपल्या पत्नीला त्याच शब्दाने हाक मारतो, आणि डिओ कॅसियसच्या इतिहासात ऑक्टेव्हियन राणी क्लिओपात्राशी बोलताना तोच वापरतो. मराठी भाषांतरकारांनी 'बाई' शब्द निवडला, तेव्हा तोही तितकाच भारदस्त होता. किंबहुना जुन्या मराठी घरांत मुले आपल्या आईला 'बाई' म्हणून हाक मारीत, हे अनेकांना आठवत असेल. बायबलातील शब्द जागच्या जागी आहे. घसरलो ते आपण.

प्रभूने स्त्रियांना आणखीही शब्दांनी हाक मारली. बारा वर्षे रक्तस्रावाने पिडलेली स्त्री गर्दीत त्याच्या वस्त्राला शिवली, तेव्हा सर्वांसमक्ष त्याने तिला 'मुली' म्हटले. नियमशास्त्राप्रमाणे ती अशुद्ध होती. कोणी तिला शिवत नसे, मग मुलगी कोण म्हणणार? त्या एका शब्दाने ती पुन्हा माणसांत आली. अठरा वर्षे कमरेत वाकलेल्या स्त्रीला त्याने सभास्थानात 'अब्राहामाची कन्या' म्हटले. 'अब्राहामाचा पुत्र' हे बिरुद मिरवणारे पुरुष समोरच बसले होते. तोच वारसा त्याने तिला जाहीरपणे दिला. अपरिचित स्त्रीला 'मुली' म्हणणे हे प्रेमळ की अपमानास्पद, या प्रश्नाचे उत्तर येथे मिळते. त्या शब्दाने ती वाकली की ताठ उभी राहिली, हे पाहावे.

संत योहानाच्या विसाव्या अध्यायातील प्रसंग तर या विषयावरील संपूर्ण प्रवचन आहे. पुनरुत्थित प्रभू कबरीपाशी रडणाऱ्या मरिया मग्दालियेला प्रथम 'बाई' म्हणतो. ती त्याला ओळखत नाही, माळी समजते. मग तो तिचे नाव उच्चारतो, आणि त्या क्षणी ती वळते व त्याला ओळखते. आदराचा सामान्य शब्द तिला ऐकू आला होता, पण तिच्या अंतःकरणापर्यंत पोहोचले ते तिचे नाव.

पुढे याच मरियेच्या नावाचे ख्रिस्तसभेत काय झाले, हेही सांगितले पाहिजे. ५९१ साली पोप थोर ग्रेगरी यांनी एका प्रवचनात तिला आणि लूकच्या सातव्या अध्यायातील पापी स्त्रीला एकच मानले. शुभवर्तमानात तसा आधार नसताना पश्चिमेकडील ख्रिस्तसभेत शतकानुशतके 'मग्दालिया' म्हणजे पतित स्त्री असे समीकरण रूढ झाले. १९६९ साली उपासनेच्या दिनदर्शिकेची सुधारणा झाली, तेव्हा हा घोटाळा दूर करण्यात आला, आणि जून २०१६ मध्ये पोप फ्रान्सिस यांनी तिच्या स्मरणदिनाला सणाचा दर्जा देऊन 'प्रेषितांची प्रेषित' हा तिचा मान पुन्हा अधोरेखित केला. पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९८८ साली स्त्रीच्या प्रतिष्ठेवर प्रेषितीय पत्र लिहिले आणि १९९५ साली जगातील स्त्रियांना उद्देशून लिहिलेल्या पत्रात, त्यांच्यावरील अन्यायात ख्रिस्तसभेच्या घटकांचा वाटा असल्यास त्याबद्दल खेद व्यक्त केला. चौदाशे वर्षे जुना शिक्का पुसायला ख्रिस्तसभा लाजली नाही, तर घरातील पन्नास वर्षांची सवय बदलायला आपण का लाजावे?

नुसते नाव पुरे आहे काय?

यावरून कोणी म्हणेल, सर्वांना नावाने हाक मारावी म्हणजे प्रश्न सुटला. तो इतका सोपा नाही. अमेरिकेतील अलाबामा राज्यात गॅड्सडेन येथील न्यायालयात २५ जून १९६३ रोजी मेरी हॅमिल्टन ही कृष्णवर्णीय स्त्री साक्षीला उभी होती. गोऱ्या साक्षीदारांना मिस्टर, मिस, मिसेस म्हणण्याचा तेथे रिवाज होता. कृष्णवर्णीयांना मात्र नुसत्या नावाने पुकारीत. सरकारी वकिलाने तिला 'मेरी' म्हटले. मला मिस हॅमिल्टन म्हणा, असे सांगून तिने उत्तर देण्यास नकार दिला. न्यायाधीशांनी तिला न्यायालयाच्या अवमानाबद्दल पाच दिवसांचा कारावास आणि पन्नास डॉलर दंड ठोठावला. मार्च १९६४ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ती शिक्षा रद्द केली.

विचार करावा. 'मेरी' हे ख्रिस्ती जगातील सर्वांत पवित्र स्त्रीनाम. कबरीपाशी ज्या नावाने एका स्त्रीला नवजीवन दिले, तेच नाव अलाबामाच्या न्यायालयात चाबकासारखे वापरले गेले. आपल्या खेड्यांतही वृद्ध दलित स्त्रीला वाड्यावरची पोरेसोरे एकेरी नावाने हाका मारीत, ही गोष्ट फार जुनी नाही. म्हणजे विष शब्दात नाही, तसेच अमृतही शब्दात नाही. 'तू' म्हणणेही मुळात वाईट नाही. आपण परमेश्वराला 'तू' म्हणतो, पवित्र मरियेला 'तू' म्हणतो, आईला 'तू' म्हणतो. कोकणपट्टीत लेकीला 'बाय' म्हणून मारलेल्या हाकेत जी ओल आहे, ती दुसऱ्या कोणत्या शब्दात आहे? हे सारे शब्द पुसून टाकावेत, असे कोणी म्हणत असेल तर आम्ही त्याच्याशी सहमत नाही. मायेच्या शब्दांवाचून भाषा कोरडी पडेल.

आमच्या मते कसोटी साधी आहे. हाक परत येऊ शकते काय? आई मुलाला 'तू' म्हणते आणि मूल आईला 'तू' म्हणते. हाक परत आली. देवाने आपल्याला लेकरे मानले, म्हणून आपण त्याला 'तू' म्हणतो. तीही परत आली. मैत्रिणी एकमेकींना 'बये' म्हणतात; तेही ठीक. पण साहेब कारकून स्त्रीला 'पोरी' म्हणतो, तेव्हा ती त्याला 'पोरा' म्हणू शकत नाही. मालकीण 'बाई, तू' म्हणते, तेव्हा ती बाई मालकिणीला 'तू' म्हणू शकत नाही. जी हाक एकाच दिशेने जाते, ती म्हणणाऱ्याला कितीही गोड लागली तरी ऐकणाऱ्याच्या खांद्यावर तिचे ओझे पडते. आणि ओझे किती आहे, हे उचलणाऱ्यालाच विचारावे लागते. म्हणून एखादीने 'मला असे म्हणू नका' असे सांगितले, तर 'आम्ही प्रेमाने म्हणतो' हे त्याचे उत्तर होत नाही. जे नाकारले तरी लादले जाते, ते प्रेम कसले?

देशाच्या न्यायव्यवस्थेनेही या दिशेने पाऊल टाकले आहे. ऑगस्ट २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्त्रियांविषयीच्या साचेबद्ध शब्दांची एक पुस्तिका प्रसिद्ध करून न्यायाधीशांना पर्यायी शब्द सुचवले. त्यात 'ईव्ह-टीझिंग' या शब्दाऐवजी रस्त्यावरील लैंगिक छळ म्हणावे, असे सांगितले आहे. आपण ख्रिस्ती लोकांनी तर हे आधीच म्हणायला हवे होते. आपल्या आद्यमातेचे, एवेचे, नाव एका गुन्ह्याला थट्टेचा मुलामा देण्यासाठी इतकी वर्षे वापरले गेले. तसेच १ मे २०२४ पासून जन्मलेल्या बालकांच्या नावात आईचे नाव लावणे महाराष्ट्र शासनाने आवश्यक केले आहे. आईचे नाव आपल्या स्नानसंस्काराच्या नोंदवहीत पिढ्यान्‌पिढ्या लिहिले जात आहे. ते वहीतून आपल्या तोंडी यावे, एवढेच राहिले आहे.

कारण खरी उणीव तेथेच आहे. धर्मग्रामात अशा कितीतरी वृद्ध स्त्रिया असतात, ज्यांना सारे गाव अमक्याची आई, तमक्याची बायको किंवा नुसतीच 'मावशी' म्हणून ओळखते. त्यांचे बाप्तिस्म्याचे नाव शेजाऱ्यांना पहिल्यांदा ऐकू येते ते अंत्यविधीच्या घोषणेत. ज्या नावाने देवाने तिला जन्मभर हाक मारली, ते नाव तिच्या शेजाऱ्यांनी शवपेटीपाशी ऐकावे, हे ख्रिस्ती समाजाला शोभत नाही.

उपाय मोठे नाहीत. लग्नपत्रिकेत आणि शोकसूचनेत वैधव्य-सौभाग्याची मोजदाद करणारी उपपदे गाळता येतील. मंदिर झाडणाऱ्या, फुले सजवणाऱ्या, वाड्यावस्त्यांवर जपमाळेची प्रार्थना चालवणाऱ्या भगिनींना नावानिशी ओळखता येईल. आणि घरी कामाला येणाऱ्या स्त्रीविषयी मुलांच्या देखत बोलताना क्रियापद बदलता येईल. 'बाई आली' याऐवजी 'बाई आल्या' म्हणायला पैसे पडत नाहीत. मुले शब्द पुस्तकातून शिकतात, क्रियापदे मात्र आपल्या तोंडून उचलतात. ती उद्या जनाबाईंचा अभंग शाळेत शिकतील, तेव्हा 'जनाबाई म्हणतात' हे वाक्य त्यांना आपल्या घरच्या भाषेतले वाटले पाहिजे.